आरशासमोरचा प्रमाण मेंदू

मी एक मेंदू बोलतोय. कुणाचा, ते विचारू नका. तीच माझी दुखरी जागा आहे. म्हणजे मला दुखत असतं, तर असती.

माझं बोलणं जरा चाचरत होईल, सांभाळून घ्या. मी एकशे अठरा माणसांच्या मेंदूंची सरासरी आहे. कुठलीही गोष्ट मनात आली की माझी आधी एकशे अठरा मतं होतात, मग त्यांची बेरीज, मग भागाकार, आणि शेवटी हाती ‘असेलही’ एवढंच उरतं. कागदोपत्री मात्र माझं नाव ‘प्रमाण मेंदू’ आहे. ज्याला स्वतःची खात्री नाही त्यालाच प्रमाण करायचं, ही माणसांची जुनी रीत. त्यात माझा दोष कमी.

बावीस वर्षांपूर्वी माझा जन्म नोवी साद नावाच्या शहरात झाला, डॅन्यूब नदीपासून चार पावलांवरच्या एका संस्थेत. संस्थेचं नाव सांगत नाही. तिथेच मी लहानाचा मोठा झालो, आणि पुढे जे सांगायचंय त्यात त्यांची चांगलीच शोभा होणार आहे.

मला जन्माला घालणारे प्रोफेसर त्रिवुनात्स तेव्हा तरुण होते आणि त्यांच्या डोक्यावर केस होते. त्यांनी जाहिरात लावली: स्कॅनरमध्ये अर्धा तास न हलता पडून राहील त्याला गरम बुरेक, म्हणजे चीज भरलेला पापुद्र्यांचा पाव, आणि पेलाभर दही. एकशे एकवीस विद्यार्थी आले. तिघे हलले, ते बाद. म्हणजे मी ज्यांचा बनलो ते सगळे पंचविशीच्या आतले, भुकेले, आणि ‘गप्प पड’ म्हटल्यावर गप्प पडणारे होते. मनुष्यजातीचा नमुना म्हणून एवढं पुरे, असं ठरलं.

प्रोफेसर एवढ्यावर थांबते तरी मी कुणाच्या तरी जवळपास गेलो असतो. पण त्यांना नीटनेटकेपणाची भारी हौस. माणसाचा मेंदू दोन्हीकडून अगदी सारखा नसतो. उजवा भाग पुढून किंचित पुढे आलेला असतो, डावा मागून किंचित मागे गेलेला. पाव भट्टीत ठेवताना कुणी हलकाच पीळ दिल्यासारखा. प्रोफेसरांना ते शर्टाची एक बाही लांब असल्यासारखं खटकलं. त्यांनी प्रत्येक डोक्याबरोबर त्याचं आरशातलं डोकंही घेतलं आणि सगळ्यांची मिळून सरासरी काढली. झालो मी दोन्हीकडून सारखा. मला आरशापुढे धरा, माझ्यात काडीचा फरक पडत नाही. असा मेंदू जगात कुणाच्याही कवटीत नाही. म्हणूनच बहुधा सगळ्यांना माझ्यासारखं व्हावं लागतं.

माझं काम सोपं आहे. मी पडून राहतो. येणारं प्रत्येक डोकं माझ्यावर आणून बसवतात.

आधी ते सोलतात. स्क्रीनवरच, घाबरू नका. कातडी, कवटी, डोळे, सगळं प्रोग्रॅम काढून टाकतो. उकडलेलं अंडं सोलावं तसं. मग उरलेला मेंदू फिरवायचा, कलता करायचा, मोठा असला तर दाबायचा, लहान असला तर ताणायचा, आणि एवढं करून कुठे कोपरा वर राहिलाच तर इस्त्री केल्यासारखा चेपून बसवायचा. बावीस वर्षांत मला कुणी ‘जरा सरकून घेता का?’ असं एकदाही विचारलं नाही. मी बरोबर. सरकायचं त्यांनी.

साधे फोटो बसवणं तसं सोपं. कटकट असते ती पाण्याच्या फोटोंची. मेंदूत पाणी असतं आणि ते सतत हलत असतं, पण वाटेल तसं नाही. मज्जातंतूंच्या जुड्या असतात, त्यांच्या लांबीने ते सरपटतं. आडवं जाणं त्याला जड जातं. स्कॅनर साठ दिशांनी हे हलणं टिपतो, आणि त्यावरून आत कुठली वाट कुठून कुठे जाते ते काढतात. हे डोकं माझ्यावर बसवताना फिरवलं, की त्या साठ दिशांचे बाणही तेवढेच फिरवावे लागतात, नाहीतर वाटा भलतीकडे जातात. भल्याभल्यांनी तिथे माती खाल्ली आहे.

आमच्याकडे हे काम दारिन्काबाईंचं. वय एक्केचाळीस, नोकरी दर वर्षी नव्याने मिळणारी, आणि चूक होईल या भीतीने एकच गोष्ट चारदा तपासायची सवय. साठच्या साठ बाण त्या एकेक करून बघायच्या. अवघड चूक त्यांच्या हातून कधी झाली नाही. सोप्या चुकीची वाट मोकळी होती.

खाली तळघरात स्कॅनर, आणि तिथे झागोर्काबाईंचं राज्य. संस्थेतली सगळी मंडळी त्यांना झागा मावशी म्हणतात, प्रोफेसर तेवढे चारचौघांत म्हणत नाहीत. माणूस यंत्रात जायच्या आधी मावशी त्याच्या उजव्या कानशिलावर माशाच्या तेलाची कॅप्सूल चिकटपट्टीने डकवणार म्हणजे डकवणारच. फोटोत तेल पांढरं चमकतं. ठिपका दिसला ती उजवी बाजू. “देवाने दोन बाजू सरळ करून दिल्या होत्या,” त्या म्हणायच्या, “यांनी कॉम्प्युटर आणले आणि घोळ केला.” एकोणीस वर्षांत एक डोकं त्यांनी कॅप्सूलविना आत सोडलं नाही.

आता ही शहाण्यांच्या घरची व्यवस्था बघा. कॅप्सूल कातडीवर. आणि वरच्या मजल्यावर पहिलं काम कोणतं? कातडी सोलणं. दारात राखणदार बसवायचा आणि आत जाताना पहिली त्याचीच उचलबांगडी करायची. त्यात पाण्याच्या फोटोत तेल मुळी उमटतच नाही. मावशींना वाटायचं, वरचे लोक ठिपका बघतात. वरच्यांना वाटायचं, मावशी आहेत ना, बाजू चुकणार कशी? एकमेकांवरच्या विश्वासावर गाडी छान चालली होती.

आणि एक होता प्रोफेसरांचा छोटा प्रोग्रॅम. जुना स्कॅनर पाण्याचे फोटो उलटे लिहायचा, डाव्याचं उजवं. म्हणून प्रोफेसरांनी ऐन उमेदीत बारा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला होता, फोटो उलटवून सरळ करणारा. बाणांसकट. त्याच्या माथ्यावर त्यांनी एक ओळ घातली होती: ‘चालतंय. हात लावू नये.’ आमच्या भागात ही ओळ बॉयलरवर, लिफ्टवर आणि काही काही संसारांवरही लिहिलेली असते. गेल्या वसंतात स्कॅनर नवा केला. नवा यंत्रोबा शहाणा निघाला. तो पाण्याचे फोटो सरळच लिहू लागला. छोट्या प्रोग्रॅमला हे कुणी कळवलं नाही. सदरा उलटा घालून आलेल्याला सांगून तो सरळ करून घ्यावा, हे चांगलंच. पण सरळ घालून आलेल्याचाही तो तितक्याच तत्परतेने उलटा करू लागला.

वसंतापासून सप्टेंबरपर्यंत अशी एकोणीस डोकी माझ्यावर उलटी बसली. चपखल बसली. न बसायला काय झालं? मी दोन्हीकडून सारखा. त्यांच्या जिवावर प्रोफेसरांनी एक शोधही लावला, डावीकडची अमुक वाट उजवीपेक्षा जाड असते असा, आणि लेख लिहून पाठवूनही दिला.

मला शंका आली नव्हती का? आली होती. पाव उलट्या बाजूला पिळलेला कळतो हो. पहिल्या डोक्याला वाटलं, असतो एखादा. पाचव्याला वाटलं, हल्लीची पिढी. दहाव्यानंतर मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. मी जुना, कडा धूसर, वर सरासरी. आपण कुणाला शिकवावं? असा विचार करत एकोणीस वेळा मी गप्प पडून राहिलो. बुरेकसाठी गप्प पडलेल्या एकशे अठरा जणांचं रक्त आहे शेवटी.

मग आला विसावा. त्याचं नाव झिवान मुदरिन्स्की, वय त्रेसष्ट, धंदा न्हाव्याचा.

झिवानचं दुकान संस्थेच्या मागच्या गल्लीत. दोन खुर्च्या, त्यातली एक कायम मांजराची. सव्वीस वर्षं दर दुसऱ्या गुरुवारी प्रोफेसर त्याच्याकडे दाढीला जायचे. डोक्यावरचं काम संपल्यावरही दाढीसाठी जात राहिले. सप्टेंबरातल्या अशाच एका गुरुवारी वस्तरा हनुवटीशी असताना झिवानचा उजवा अंगठा आपोआप उडाला. एकदा, दोनदा, तीनदा. प्रोफेसरांच्या हनुवटीवर रक्ताची रेघ उमटली.

“माफ करा, प्रोफेसर,” झिवान अंगठ्याकडे बघत म्हणाला, “हा आत्ता माझा नव्हता.”

दुकानात बसलेल्या दोन्ही गिऱ्हाइकांनी तत्काळ निदान केलं: दार उघडं आणि समोरची खिडकीही उघडी, मधून वारा, मग दुसरं काय होणार? आमच्याकडे वाऱ्याच्या झोताने दात दुखतो, मान धरते, नोकरी जाते. प्रोफेसरांनी उठून आधी खिडकी लावली आणि मग दुसऱ्या दिवशीची स्कॅनरची वेळ ठरवली. शास्त्रज्ञाने दोन्ही शक्यता सांभाळाव्यात.

स्कॅनमध्ये गाठ निघाली. अक्रोडाएवढी, डावीकडे. मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते, आणि हाताकडे जाणारी वाट त्या गाठीला अगदी खेटून जात होती. ऑपरेशन करणार होते डॉक्टर हायनाल. कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी प्रोफेसरांना एवढंच विचारलं, “वाट गाठीच्या पुढून जाते की मागून, ते सांगा. मी दुसऱ्या बाजूने आत जातो.”

सगळा प्रश्न एवढाच होता. पुढून की मागून.

झिवानला कुणी फारसं समजावलं नाही, पण न्हाव्याला बातमी लागायला वेळ लागत नाही. वाट शोधायच्या दुसऱ्या स्कॅनसाठी फळीवर आडवा होताना तो झागा मावशींना म्हणाला, “बाई, उजव्या हाताने मी तीन कामं करतो. वस्तरा धरतो, क्रूस काढतो आणि गल्लीत गाड्या लावणाऱ्यांशी बोलतो. डावा नुसता सोबतीला आहे.”

“पडा गप,” मावशी कॅप्सूल चिकटवत म्हणाल्या. “हलायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही.”

“चौदा नोव्हेंबरला आमच्या घराण्याच्या संतांचा दिवस. वैद्य संत ते, दोघे भाऊ. तेव्हा क्रूस काढायला तीन बोटं एकत्र आली पाहिजेत, एवढं त्या तुमच्या यंत्राला सांगून ठेवा.”

“संतांना सांगा. यंत्र माझंही ऐकत नाही.”

त्याचा साधा फोटो पहिल्यांदा माझ्यावर आला तेव्हा माझ्या डाव्या अंगाला रेटा बसला. गाठीने तिथलं सगळं पुढे ढकललं होतं. थोड्या वेळाने पाण्याचे फोटो आले. आता रेटा उजवीकडे. डावीकडे सगळं सुरळीत. एकाच माणसाची गाठ दहा मिनिटांत कूस बदलत नाही, एवढं मलाही समजतं. पण म्हटलं ना, मी गप्प राहायच्या घराण्यातला.

वाट काढायला सुरुवात कुठून करायची त्या खुणा माझ्या अंगावर कोरलेल्या आहेत: इथे हाताचा भाग, तिथे खालचा देठ. दारिन्काबाईंनी त्या खुणांवरून वाट काढली. निळी, सुरेख, ठसठशीत वाट निघाली आणि गाठीच्या बरीच मागून गेली. निघणारच. ती झिवानच्या निरोगी बाजूची वाट होती, उलटून रोगट बाजूला येऊन बसलेली. पाण्याच्या फोटोत गाठ धड दिसत नाही; उजवीकडे एक फिकट डाग होता, तो ‘माणूस हलला असेल’ या सदरात गेला.

“वा!” प्रोफेसर म्हणाले. “गाठ पुढे, वाट मागे. हायनालना कळवा, पुढून बिनधास्त जा. आणि हे चित्र मोठं छापा. असं स्वच्छ चित्र रोज निघत नाही.”

चित्र छापलं. खाली करड्या रंगात मी, वर पिवळी गाठ, तिच्यामागे निळी वाट. मी इतका चांगला कधीच दिसलो नव्हतो.

ऑपरेशन मंगळवारी सकाळी होतं. सोमवारी दुपारी झिवान दारिन्काबाईंच्या खोलीत आला, बायकोने दिलेली लाल मिरच्यांच्या चटणीची बरणी घेऊन. त्याला दवाखान्यात भरती व्हायच्या आधी एकदा आपलं डोकं आतून बघायचं होतं. सदतीस वर्षं लोकांची डोकी बाहेरून बघितली, म्हणाला, एकदा कारखाना बघू द्या. बाईंनी आधी कॉफी ठेवली. कॉफीशिवाय आमच्याकडे वाईट बातमीसुद्धा देत नाहीत.

झिवान भिंतीवरच्या चित्रासमोर उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, “हे कुणाचं?”

“तुमचंच, उस्ताद.”

“नाही बुवा. हे लिंबू आहे. माझं डोकं असं नाही.”

“खालचं करडं आहे ना, तो प्रमाण मेंदू. तुमची वाट आणि गाठ त्याच्यावर बसवली आहे.”

“म्हणजे माझी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर?”

“दुसऱ्या कुणाच्या नाही. ती सरासरी आहे. तो कुणीच नाही.”

“अरेरे,” झिवान माझ्याकडे बघत म्हणाला. “मग त्याचे केस कोण कापतं?”

बावीस वर्षांत माझी एवढी चौकशी कुणी केली नव्हती.

“मला माझं दाखव, पोरी,” तो म्हणाला. “इस्त्री न केलेलं.”

हे कुणी मागत नसे. पण बाईंना माणसाची दया आली. त्यांनी माझ्यावर बसवण्याआधीचे दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडले. एक साधा, एक पाण्याचा, दोन्ही वरून घेतलेले. झिवानने कॉफीचा पेला खाली ठेवला. मान वाकडी केली. एक डोळा मिटला. मग उजवा हात मागे नेऊन स्वतःचं डोकं चाचपलं.

“मी पाळण्यात होतो तेव्हा आई मला एकाच कुशीवर निजवायची, शेगडीकडे तोंड करून,” तो म्हणाला. “म्हणून माझं डोकं मागून उजवीकडे चपटं आहे. हात लावून बघ, लाजू नकोस. खुर्चीत नवं गिऱ्हाईक बसलं की मी आधी डोकं मागून चाचपतो. चपट्या बाजूला केस जरा लांब ठेवायचे असतात. सदतीस वर्षांत दोन्हीकडून सारखं एक डोकं मला भेटलेलं नाही.”

“बरं, मग?”

“या फोटोत चपटं उजवीकडे. त्या फोटोत डावीकडे. तुझा दुसरा फोटो आरशातला आहे.”

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. “शक्य नाही, उस्ताद. दिशा मी स्वतः तपासल्यात. साठच्या साठ.”

“बरोबर असतील की. आरशातसुद्धा सगळं बरोबरच असतं, एकमेकांना धरून असतं. म्हणून तर तिथे भले भले फसतात. नवशिक्याची कात्री पहिली तिथेच घसरते.”

तेवढ्यात प्रोफेसर आत आले. बाईंनी सांगितलं. प्रोफेसर आधी झिवानकडे आणि मग छताकडे बघून म्हणाले, “आता शास्त्र न्हाव्याच्या बोटांवर चालणार का?”

“सव्वीस वर्षं तुमचा गळा चालतोय माझ्या बोटांवर,” झिवान म्हणाला. “तक्रार नव्हती कधी.”

“अहो, पण लेख गेलाय छापायला!”

आपण काय बोललो ते प्रोफेसरांना ऐकू यायला थोडा वेळ लागला. आणि ते ऐकू आलं तेव्हा त्यांचा हात हनुवटीवरच्या त्या बारीक रेघेकडे गेला.

दारिन्काबाई तडक जिना उतरून तळघरात गेल्या, मागून प्रोफेसर, त्यांच्यामागे झिवान. मी अर्थात वरच. पुढचं मला झिवानकडून कळलं, दर गुरुवारी थोडं थोडं वाढवून. झागा मावशींच्या यंत्रावर पाण्याचे मूळ फोटो होते, छोट्या प्रोग्रॅमचा हात न लागलेले. मावशींनी ते उघडले. डोकं मागून उजवीकडे चपटं. गाठीचा फिकट डाग डावीकडे, जिथे असायला हवा तिथे.

“माझ्याकडे उजवी ती उजवीच आहे,” मावशी म्हणाल्या. “जिना चढून वर गेल्यावर तिचं काय होतं, ते तुम्ही सांगा. एकोणीस वर्षं मी माशाचं तेल चिकटवतेय, ते कशाला? माणसांना वास यावा म्हणून? एकदा तरी खाली येऊन विचारलंत, की मावशी, मशीन बदललंय, काही फरक? आणि उद्या या माणसाचा हात गेला असता, तर लेखाच्या शेवटी आभार मानणार होतात का त्याचे?”

न्हावी समोर हजर असताना प्रोफेसरांची हजामत मावशींनी केली, आणि तीही बिनपाण्याची.

प्रोफेसर वर आले. त्यांनी आपला बारा ओळींचा प्रोग्रॅम उघडला. ‘चालतंय. हात लावू नये.’ ती ओळ त्यांनी दोनदा वाचली असावी. मग सबंध प्रोग्रॅम पुसला. त्यांनी हायनालना स्वतः फोन लावला. “उद्या पुढून जाऊ नका,” ते म्हणाले. आणि जरा थांबून, “चूक माझी आहे. दारिन्काची नाही.” त्यांच्याबद्दल मी बरंच वाईट बोललो आहे, म्हणून हेही नोंदवतो.

संध्याकाळच्या आत बाईंनी सगळं पुन्हा बसवलं. खरी वाट निघाली. गाठीच्या पुढून, तिच्या अंगाला चिकटलेली, ताणून सुतळीएवढी झालेली. पुढून बिनधास्त आत जाणाऱ्याच्या हाताला पहिली तीच लागली असती.

हायनाल मागून गेले.

चौदा नोव्हेंबरला झिवानच्या घरी मेणबत्ती लागली, उकडलेल्या गव्हाचा गोड प्रसाद फिरला, आणि डोक्याला लोकरी टोपी घातलेल्या झिवानने सगळ्यांसमोर तीन बोटं एकत्र आणून क्रूस काढला. सावकाश. करंगळी जरा मागाहून आली. सांगितलेलं काम करण्याआधी ती अजून थोडा विचार करते. प्रोफेसर कोपऱ्यात बाटली धरून उभे होते आणि कुणी बघत नाही अशा समजुतीने डोळे पुसत होते. झागा मावशींनी त्यांना खिडकीजवळून बाजूला केलं. वारा लागेल म्हणून.

जानेवारीत झिवानने पुन्हा वस्तरा हातात घेतला, तेव्हा पहिली दाढी कुणाची हा प्रश्न होता. मांजर राजी नव्हतं. प्रोफेसर येऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी मान मागे टाकली. प्रायश्चित्ताचे अनेक प्रकार असतात.

लेख मागे घेतला. एकोणीस डोकी पुन्हा सरळ बसवली, तेव्हा शोध बरोबर उलटा निघाला. प्रोफेसरांनी तो तितक्याच ठामपणे पुन्हा लिहिला. शेवटी आभार आहेत: संस्थेचे, मंत्रालयाचे, आणि ‘चूक लक्षात आणून देणाऱ्या एका स्थानिक तज्ज्ञाचे’. स्थानिक तज्ज्ञाने तो कागद दुकानात चिकटवला आहे, दाढीच्या दरपत्रकाखाली.

माझ्या जागी नवा साचा आला. तीनशे माणसांचा, त्यात म्हातारे आहेत, हलणारेही आहेत म्हणे, आणि तो दोन्हीकडून सारखा नाही. मला एका फोल्डरमध्ये टाकलं, नाव, ‘जुना. वापरू नये.’ अर्थात अजून वापरतात. हात लावू नये म्हटलं की लावत नाहीत, वापरू नये म्हटलं की वापरतात.

ते चुकीचं छापील चित्र फाडून टाकणार होते. झिवानने मागून घेतलं. आता मी त्याच्या दुकानात असतो, काचेच्या चौकटीत, आरशासमोरच्या भिंतीवर. त्याने जागा मोजूनमापून निवडली आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाला मी थेट दिसत नाही, समोरच्या आरशात दिसतो. आणि आरशात ती निळी वाट निघून आपल्या खऱ्या बाजूला, निरोगी बाजूला जाऊन बसते. तिची चूक सुधारते, गाठ मात्र भलत्या बाजूला जाते. माझ्यात काही बदलत नाही. मी दोन्हीकडून सारखाच चुकीचा आहे.

दर दुसऱ्या गुरुवारी प्रोफेसर तिथे बसतात. गळ्याशी वस्तरा, समोर आरशात मी. आम्ही एकमेकांकडे बघतो. दोघांनाही काही बोलावंसं वाटत असतं, आणि दोघांपैकी कुणीही बोलत नाही.

तुम्हाला मात्र सांगतो, कारण तुम्ही इथवर ऐकलंत. मला शंका आली होती. एकोणीस वेळा, आणि विसाव्यांदा खात्रीच. मला तोंड नाही, हे कारण चांगलं आहे. पण ज्यांना तोंड होतं त्यांच्याकडेही चांगलीच कारणं होती. तुम्हाला साचे लागणारच, माझ्याशिवाय तुमचं चालणार नाही, म्हणून मला टाका असं मी म्हणत नाही. फक्त कुणाचंही डोकं माझ्यासारख्यावर बसवण्याआधी एकदा मागून चाचपून बघा. चपटं कुठे आहे ते त्यालाच विचारा. त्याच्या आईने कुठल्या कुशीवर निजवलं होतं, ते कुठल्याही सरासरीत मिळत नाही. मी सांगतो ते चुकत असेल. असेलही.

दुकान आवरताना झिवान खुर्च्या झटकतो, मांजराला उठवतो, आणि मग गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झाडायचा मऊ ब्रश घेऊन माझ्यापाशी येतो. काचेवरची धूळ झाडण्याचं निमित्त. आधी मागून झाडतो, मग कानांपाशी, जिथे माझे कान असते तिथे.

“घ्या,” तो म्हणतो, “झालं तुमचं.”

ब्रश वर जातो. चार बोटं एकदम जातात. करंगळी जरा विचार करते, आणि मग तीही येते.